वाचक विचारतात : पितळी टिन व्हिसल, तिचे डाग आणि तिचा आवाज

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच वाद्याभोवती फिरतात : पितळेची नळी, वर प्लॅस्टिकचं हेड (फुंकायचं तोंड) आणि सहा छिद्रं असलेली स्वस्तातली टिन व्हिसल. उत्तरांत तीन शब्द वारंवार येतील, ते आधीच सांगून ठेवतो. फुंक ज्या चपट्या बोगद्यातून जाते ती ‘फट’. हेडच्या वरच्या अंगाला कापलेली चौकोनी जागा ती ‘खिडकी’. खिडकीच्या नळीकडच्या बाजूला पातळ होत गेलेली कड ती ‘धार’. फटीतून आलेली हवा धारेवर आपटते, कधी आत तर कधी बाहेर झुकते, आणि सूर तिथे तयार होतो.

प्रश्न : नाव टिनचं आणि नळी पितळेची, हे कसं काय? आणि हातघडणीच्या उत्तम व्हिसली मिळत असताना जाणते वादकही ही स्वस्तातली जवळ का ठेवतात?

नाव पत्र्यावरून आलं. १८४३ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी कल्हईचा लोखंडी पत्रा गुंडाळून निमुळती व्हिसल बनवायला सुरुवात केली. तिच्या फुंकायच्या टोकात लाकडी खुंटी बसवलेली असे. त्या घडणीची व्हिसल आजही मिळते. पुढे सरळ, ओढीव पितळी नळीच्या व्हिसली आल्या. बर्मिंगहॅमची जनरेशन ही त्यातली सर्वांत ओळखीची. डब्लिनची फॅडोग १९७८ पासूनची. धातू बदलला, नाव टिनचंच राहिलं.

जवळ ठेवण्याचं कारण नुसती किंमत नाही. नळी अगदी पातळ आणि हलकी असते, फुंक कमी लागते आणि बोट उचलताच सूर बदलतो. आयरिश संगीतातल्या झटपट हरकतींना हेच हवं असतं. दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या दशकात स्पोक्स मशियाने यांच्यासारख्या वादकांनी क्वेला नावाचं अख्खं रस्त्यावरचं संगीत अशाच स्वस्त पेनी व्हिसलवर (टिन व्हिसलचंच दुसरं नाव) उभं केलं. शिवाय ती हरवली, पडली, चेपली तर जीव हळहळत नाही, म्हणून ती खिशात असते आणि म्हणूनच जास्त वाजते. आणि जास्त वाजते म्हणून तिच्यावर हाताची खूण उमटते. महागडी व्हिसल पेटीत राहते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं नवीनच दिसते.

प्रश्न : सहा महिन्यांत नळीचा रंग ठिकठिकाणी वेगळा झाला. छिद्रांपाशी चकचकीत, मध्ये तपकिरी, हेडला लागून काळी रेघ आणि खालच्या अंगठ्याच्या जागी गुलाबी डाग. व्हिसल खराब झाली का?

नाही. मात्र तुम्ही वर्णन केलेले चार रंग चार वेगळ्या कारणांचे आहेत, आणि त्यातल्या एकाकडे लक्ष द्यायला हवं.

पितळ म्हणजे साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त. उघड्या हवेत त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. पिवळा रंग आधी मधासारखा होतो, मग तपकिरी. हा थर खालच्या धातूचं बऱ्यापैकी रक्षण करतो. छिद्रांभोवती बोटं रोज घासली जातात, म्हणून तिथे थर टिकत नाही आणि पितळ झळकत राहतं. त्यामुळे वापरलेल्या व्हिसलवर सहा उजळ ठिपके आणि मध्ये गडद पट्टे दिसतात. नीट पाहिलंत तर प्रत्येक ठिपका गोल नसतो. ज्या बोटाचं पेर तिरकं पडतं, तिथे ठिपका त्याच बाजूला लांबटलेला असतो. दुसऱ्याची व्हिसल हातात आली, तर त्याची पकड तुमच्यासारखी आहे की नाही हे न वाजवता कळतं.

हेडलगतची काळी रेघ ओलीमुळे. श्वासातली वाफ थंड नळीत पाणी होऊन साचते, त्यातलं थोडं हेड आणि नळीच्या सांध्यात अडकतं आणि तिथे लवकर सुकत नाही.

आता गुलाबी डाग. घामातल्या क्षारांनी पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे उरतं, म्हणून रंग तांबूस दिसतो. पृष्ठभागावरच असेल तर काही बिघडत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसलं की तो वाढायचा थांबतो. पण डागाच्या मध्ये नखाला खळगा लागत असेल, तर तिथे धातू आतून पोकळ होत चालला आहे. नळी पातळ असल्याने अशा जागी पुढेमागे सुईच्या टोकाएवढं भोक पडू शकतं, आणि भोक पडलं की त्याखालचे सूर बसतात. घामट हाताच्या माणसांनी वाजवण्याआधी हात धुतले, तर हा डाग निम्म्याहून कमी होतो.

तुमच्या यादीत हिरवा रंग नाही, पण तो दिसला तर राहू देऊ नका. आंबट पदार्थाने भांडं कळकतं तोच हा प्रकार : ओल, क्षार आणि आम्ल एकत्र आलं की तांब्याचा हिरवा जंगाल धरतो. तपकिरी थरासारखा तो धातूला चिकटून बसत नाही, भुसभुशीत असतो आणि ओल धरून ठेवतो. शिवाय तो तोंडाजवळ असणं बरं नव्हे. लाकडी काडीने खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा.

एक शक्यता अजून आहे. काही व्हिसलींवर कारखान्यातच लॅकरचा पारदर्शक थर दिलेला असतो. तसा असेल तर नळी सलग काळवंडत नाही. लॅकर जिथे खरचटलं असेल तिथून नागमोडी काळ्या रेषा पसरतात. ते मात्र दिसायला वाईटच दिसतं.

प्रश्न : मग घासून लख्ख करावी की नाही? आणि ते नागमोडी लॅकर काढता येतं का?

घासायची गरज नाही, असं आमचं मत. प्रत्येक पॉलिशमध्ये बारीक खरड असते आणि दर वेळी थोडा धातू जातो. वर्षातून एकदा केल्याने नळी झिजणार नाही, पण दर आठवड्याला घासणाऱ्यांच्या व्हिसलीवर छिद्रांच्या कडा गोलावलेल्या आणि ठशातली अक्षरं पुसट झालेली दिसतात. छिद्राची कड गोलावली की तो सूर किंचित चढतो. आणि पॉलिश केलेलं पितळ हाताच्या घामाने चार दिवसांत पुन्हा डागाळतं, तेही ठिपक्याठिपक्यांनी, हे वेगळंच.

तरीही करायचं असेल तर हेड आधी काढा (कसं, ते पुढच्या एका उत्तरात आहे). नळीत सैलसर गुंडाळलेला कागद घाला, म्हणजे पॉलिश छिद्रांतून आत जाणार नाही. कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन लांबीच्या दिशेने हात फिरवा, गोल गोल नको. मग साबणाच्या कोमट पाण्याने आतून-बाहेरून धुवा, कारण छिद्रांच्या आतल्या कडेला राहिलेली पांढरी पूड पुढे हिरवी होते. लिंबू आणि मीठ झटपट काम करतं खरं, पण मीठ नीट धुतलं गेलं नाही तर गुलाबी डागांना तेच निमंत्रण. त्यापेक्षा पॉलिश बरं.

लॅकर ॲसिटोनने निघतं. इथे हेड नळीवर ठेवून चालणारच नाही, ॲसिटोनचा एक थेंब प्लॅस्टिकची धार विरघळवतो आणि मग ती व्हिसल फक्त पडदा अडकवायला उपयोगी. हेड दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडक्या उघडा, विस्तव जवळ नको, कापसाने दोन-तीनदा पुसा. त्यानंतर नळी उघड्या पितळेसारखी सारखी रंगते.

प्रश्न : वाजवून वाजवून व्हिसलचा आवाज ‘मुरतो’ असं म्हणतात. पितळ जुनं झाल्याने आवाज गोड होतो का?

पितळ जुनं झाल्याने नाही. या वाद्यात नळीची भिंत वाजत नाही, आतला हवेचा स्तंभ वाजतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये आतली मापं सारखी ठेवून चांदी, तांबं आणि लाकूड अशा वेगवेगळ्या नळ्यांच्या बासऱ्या तपासल्या. न पाहता ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही त्या आवाजावरून ओळखता आल्या नाहीत. तिथे अख्खा धातू बदलूनही फरक पडला नाही. इथे तर फक्त वरचा केसाहून पातळ थर बदलतो आहे.

पण ‘मुरते’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. बदल होतो, तो हेडमध्ये आणि माणसात. साच्यातून निघालेल्या नव्या हेडच्या फटीत प्लॅस्टिकचे बारीक तंतू असतात, ते काही आठवड्यांत झडतात. कोऱ्या प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब गोळा होऊन बसतात; वापरलेल्या फटीवर ओल पसरून पातळ थर होते, म्हणून फुंक अडत नाही. आणि वाजवणारा नकळत शिकतो की या व्हिसलला वरच्या सप्तकातल्या प ला एवढीच फुंक हवी. शंका असेल तर एकाच बनावटीच्या, एकाच पट्टीच्या दोन व्हिसली घ्या, एक जुनी काळी आणि एक नवी, आणि हेडांची अदलाबदल करा. आवाज हेडबरोबर जातो. नळी मागेच राहते, आपल्या डागांसकट.

प्रश्न : नवी घेतलेली डी (पांढरी दोन) पट्टीची व्हिसल वरच्या सप्तकात किंचाळते आणि सगळ्यांत खालचा सूर जरा जोर दिला की फुटून वर उडतो. बदलून घ्यावी की दुरुस्त होते?

बहुतेक वेळा दुरुस्त होते, आणि दुरुस्ती पैशाची नाही, अर्ध्या तासाची आहे. स्वस्त हेडमध्ये फटीच्या तळाखाली पोकळी असते, कारण जाड भरीव प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसून वाकतं, म्हणून ते पोकळच ओततात. ही पोकळी खिडकीच्या अगदी शेजारी असल्याने वरच्या सुरांत गोंधळ घालते. ती भरायची.

आधी हेड सोडवा. सध्या ते नळीवर कुठवर बसलं आहे तिथे पेन्सिलची खूण करा. पाणी हात भाजेल इतपत गरम हवं, उकळतं नको. उकळत्या पाण्यात धार वाकते. हेडकडचा भाग त्यात मिनिटभर धरा, मग जाड कापडाने हेड आणि रबरी हातमोज्याने नळी पकडून पिळा. वाकवू नका, नळी पहिल्या छिद्रापाशी दुमडते. पहिल्या खेपेला हललं नाही तर पुन्हा गरम करा. गोंद तिसऱ्या खेपेपर्यंत टिकत नाही.

हेड निघालं की उजेडाकडे धरून फटीतून पाहा. धारेवर किंवा फटीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा पापुद्रा लोंबत असेल, तर नव्या ब्लेडने तेवढाच उडवा. धारेला कानस लावू नका. ती धारदार करण्याच्या नादात जितकी हेडं वाया गेली असतील, तितकी पडूनही गेली नसतील.

आता भिंतीवर कागद चिकटवायची मऊ पुट्टी हरभऱ्याएवढी घ्या, नळीच्या बाजूने आत घाला आणि पेन्सिलच्या बोथट टोकाने पोकळीत दाबा. तिचा पृष्ठभाग फटीच्या तळाच्या टोकाशी समतल यायला हवा. खिडकीतून वाकून पाहिलं की तो दिसतो. एखादा मिलिमीटरसुद्धा पुढे आला तर हवेच्या वाटेत येतो आणि सूर कुजबुजल्यासारखा होतो. कमी पडला तर फरक जाणवत नाही, एवढंच. कापूस चालत नाही, तो ओल पितो. गोंद किंवा एपॉक्सी घालू नका, कारण पहिल्या प्रयत्नात पातळी नेमकी जमत नाही आणि पुट्टी मागे घेता येते. फार उकाड्यात पुट्टी मऊ होऊन सरकते. आवाज अचानक बसका वाटला तर आधी तिच्याकडे बघा.

नळीवरचा जुना गोंद पुसून हेड बसवा. सैल झालं तर नळाच्या सांध्याला लावतात ती टेफ्लॉन टेप एक किंवा दोन वेढे, घट्ट असेल तर मेणबत्ती घासा. खालचा सूर अजूनही फुटत असेल, तर चाचणी म्हणून सहावं बोट सोडून बाकीची छिद्रं एकेक करून टेपने बंद करा. टेपने सूर स्थिर झाला, तर दोष व्हिसलचा नव्हता, त्या छिद्रावर बोट पुरतं बसत नव्हतं. दहापैकी निदान निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हे सगळं करूनही किंचाळत असेल तर दुसरी घ्या. एकाच खोक्यातल्या दोन व्हिसली सारख्या वाजत नाहीत. निवडताना खालचा सूर हळू फुंकेवर टिकतो का आणि वरच्या सप्तकातला ए ओरडल्याशिवाय निघतो का, या दोनच गोष्टी तपासल्या तरी पुरे.

प्रश्न : हेड आता मागेपुढे सरकतं. ट्यूनरवर व्हिसल चढी दिसते म्हणून हेड ३ मिलिमीटर बाहेर ओढलं. खालचा डी बरोबर आला, पण बी उतरला. असं का?

कारण ३ मिलिमीटर प्रत्येक सुराला सारखे नसतात. डी ला (सगळी छिद्रं बंद) हवेचा स्तंभ लांब असतो, हिशेबाला सुमारे २९ सेंटिमीटर धरा. १ मिलिमीटरने तो जवळपास ६ सेंट उतरतो (सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). बी ला (फक्त वरचं एक छिद्र बंद) स्तंभ साधारण साडेसतरा सेंटिमीटरचा, तिथे तोच १ मिलिमीटर १० सेंट उतरवतो. म्हणजे ३ मिलिमीटरला डी १८ सेंट उतरला आणि बी ३०. हा १२ सेंटचा फरक कानाला लागतोच. हेडने १ ते दीड मिलिमीटरपर्यंतच सुधारणा करा. त्यापुढे एखादाच सूर चढा असेल, तर त्याच्या छिद्राच्या हेडकडच्या कडेवर टेपची बारीक चंद्रकोर चिकटवा. छिद्र लहान झालं की सूर उतरतो.

ट्यूनर लावण्याआधी व्हिसल गरम करा, हे राहून जातं. आतली हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो. गार व्हिसल जुळवून ठेवली, तर पाच मिनिटांनी ती चढलेली असणारच. मुठीत धरून, खिडकी बोटाने झाकून दोन-तीनदा आत फुंका आणि मग मोजा.

प्रश्न : गाण्याच्या मधेच आवाज घोगरा होतो किंवा बंदच पडतो.

फटीत पाणी. खिडकीवर बोट ठेवून जोरात एक फुंक मारा, थेंब उडतो. वारंवार होत असेल तर कपभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून ते फटीत सोडा, झटका आणि न पुसता वाळू द्या. साबणाच्या अंशाने थेंब गोळा न होता पसरतो. पिन किंवा सुई फटीत घालू नका. साफ करायचं असेल तर जाड कागदाची पट्टी पुरते. पितळ प्लॅस्टिकपेक्षा गार लागतं आणि नळीही ओली होते, म्हणून ठेवण्यापूर्वी काडीला बांधलेलं कापड खालच्या टोकातून एकदा फिरवा. रबरबँड लावून किंवा रबरी पिशवीत ठेवू नका. रबरातल्या गंधकाने नळीवर काळा पट्टा उठतो, तो पुसून जात नाही.

प्रश्न : मी बासरी वाजवतो. डी व्हिसलवर सा कुठे धरू?

व्हिसलवाले सगळी छिद्रं बंद करून सा धरतात, म्हणजे पांढरी दोन, आणि तिथून एकेक बोट उचललं की बिलावल थाटाचे सूर मिळतात. तुम्हाला बासरीची सवय सोडायची नसेल तर तीन बंद, तीन उघडी हा सा धरा. तो पांढरी पाच येईल. सगळी बंद प, सगळी उघडी तीव्र म, हे बासरीसारखंच. शुद्ध म साठी मात्र अर्ध बोट लावत बसू नका : वरचं एक छिद्र उघडं, त्याखालची दोन बंद, उरलेली तीन उघडी. छिद्रं लहान असल्याने मींड बासरीसारखी लांब निघत नाही.

प्रश्न : वाजवल्यावर हाताला धातूचा वास येतो. पितळ तोंडाशी असणं सुरक्षित आहे का?

वास येतो तो त्वचेवरचं तेल धातूशी मिसळून, साबणाने जातो. या बनावटीत ओठ प्लॅस्टिकला लागतात, पितळेला नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर निकेलचा मुलामा असलेली चंदेरी व्हिसल टाळा आणि उघडं पितळच घ्या. काही फार जुन्या व्हिसलींच्या तोंडात शिशाची खुंटी असते, मऊ, राखाडी, नखाने ओरखडा उठणारी. अशी मिळाली तर कपाटात ठेवा, वाजवू नका.

प्रश्न : जुनी दिसावी म्हणून अमोनियाच्या वाफेवर धरली तर लवकर रंगते असं वाचलं. करून पाहू का?

रंगते, पण करू नका. ओढीव नळीच्या पितळेत घडवतानाचा ताण अडकलेला असतो, आणि ताणातल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिश काळात भारतात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया होता, हे १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. व्हिसलची नळी काडतुसाहून पातळ आहे आणि तडा बहुधा छिद्राच्या कडेपासून सुरू होतो. पॉलिशमधला अमोनिया पुसून टाकला जातो म्हणून चालतं. बंद डब्यात रात्रभर वाफ देणं ही वेगळी गोष्ट. रोज अर्धा तास वाजवलीत तर दोन-तीन महिन्यांत छिद्रांमधले पट्टे तपकिरी झालेले दिसतील.